डिपॉझिट

पंचवीस विड्यांचा कट्टा मी न मोजता बांधते.
डोळे टीव्हीवर असतात, नाहीतर दारात.
बोटं आपापली मोजतात,
चोवीसला अडतात.
चाळीस वर्षांची सवय आहे त्यांना,
मला विचारत नाहीत.

तो आला तेव्हा एप्रिलची दुपार होती,
पत्र्यावर पापड भाजावा असली.
गळ्यात टॉवेल कारखान्याचं कार्ड,
भुवयांत सुताची भुरभुर.
"मौसी, रूम खाली है?"
दारावर पाटी होती: खोली भाड्याने देणे आहे.
मी म्हणाले, "कालच दिली."
पाटी आमच्या दोघांच्या मधे वाऱ्यानं हलत होती.
त्याला मराठी वाचता येत नसावं.
किंवा येत असावं.

जाताना त्यानं पाणी मागितलं.
तांब्या समोर होता, घासलेला.
हात गेला फळीवरच्या प्लास्टिकच्या ग्लासाकडे.
मी पाठवला नव्हता.

मी वाईट बाई नाही.
युनियनच्या मोर्चात काठी खाल्लीय,
पूनम गेटसमोर उन्हात बसलेय तीन दिवस.
माणूस सगळा एक, असं कुणी माइकवर म्हणालं
की टाळ्या वाजवल्यात
ह्याच हातांनी.

रात्री पानं कापायला बसले.
पत्र्याचा फर्मा ठेवायचा, भोवती कात्री फिरवायची.
पान कुठल्या जंगलातलं, कुणी तोडलं,
फर्म्याला काय त्याचं.
बाहेर उरतं ते कचरा.
पहाटेपर्यंत गुडघ्याएवढा ढीग झाला होता.

तात मल्लेशम सिरसिल्ल्याकडून आले
तेव्हा पिशवीत एक धोटा होता आणि ज्वारीच्या दोन भाकरी.
साखर पेठेत खोली बघायला गेले,
मालक म्हणाला, "तेलंग्यांना नाही.
रंगाचे हात भिंतीला पुसता तुम्ही."
तातांचे हात कोपरापर्यंत निळे.
त्यांनी ते पाठीमागे घेतले,
आणि मालक पुढे बोलत असताना
खरंच मागच्या भिंतीला टेकले.
अय्या हे सांगताना हसायचे.
आम्ही पण हसायचो.
गोष्टीतला मालक कोण होता
हे विचारायचं कधी सुचलं नाही.

सकाळी शेजारच्या पोराकरवी निरोप धाडला,
अक्कलकोट रोडला, कारखान्यात.
संध्याकाळी दोघं आले. दयानिधी, गंजामचा,
आणि सुकांती, एक ट्रंक, एक पंखा.
म्हटलं, "डिपॉझिट तीन महिन्यांचं."
आधीच्या भाडेकरूकडून, मंगळवेढ्याच्या,
एकाचं घेतलं होतं.
त्यानं नोटा मोजल्या, थुंकी न लावता,
दोनदा.

सत्तम्मा गल्लीतून ओरडली,
"अक्का, कुणाला ठेवलालीस घरात?"
मी म्हटलं, "माणसं आहेत की."
लय बरं वाटलं मला.

आठव्या दिवशी कात्री सापडेना.
मी काही म्हणाले नाही कुणाला.
फक्त जिन्याच्या तीन पायऱ्या चढून थांबले,
वर त्यांच्या दारापर्यंत नजर जाईल इतकं.
आत सुकांती तांदूळ निवडत होती,
हसली, सरकून जागा केली.
खाली आले. कात्री सुपात होती,
कापलेल्या पानांखाली,
जिथं मीच ठेवते.

आता ती दुपारी माझ्याजवळ बसते, विडी वळायला शिकते.
दोरा फार ओढते, टोक नीट मुडपत नाही,
फॅक्टरीत दाखवली तर निम्मी छाट होईल.
भाषेचं आमचं काही जमत नाही,
पण परवा तिनं चोवीसचा कट्टा माझ्या हातात दिला
आणि बोटं अडली.
मी वर बघितलं.
ती माझ्याकडेच बघत होती,
तोंडावरून काय काय सरकतंय ते.
मी सुपातली एक विडी उचलून आत सारली,
दोरा बांधला.

दोन महिन्यांचे जास्तीचे पैसे
कपाटात आहेत, साडीच्या घडीत, वेगळे.
रोज म्हणते, आज देते.
आज महिन्याची एकवीस.